परतीच्या तिकिटाची मोटारसायकल

रविवारी उजाडायच्या आत चेन्नईहून महाबलीपुरमकडे निघालेले मोटारसायकलस्वारांचे ताफे कोवलमच्या फाट्यावर चहाला थांबतात. बुलेट, इंटरसेप्टर, अपाची, केटीएम, अधूनमधून एखादी लिटरभर इंजिनाची जपानी गाडी. ईस्ट कोस्ट रोड सरळ आहे, डांबर चांगले आहे आणि बाजूला समुद्र आहे. त्यामुळे इथे बेकायदा शर्यती लागतात, पोलीस अडथळे उभारतात, गाड्या जप्त होतात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. समोरच्या क्षितिजावर मालवाहू जहाजे उत्तरेकडे सरकत असतात. त्यांचा रोख चेन्नई, एन्नोर किंवा कट्टुपल्ली बंदराकडे असतो. कोवलमला आता कुठलेही जहाज थांबत नाही.

एके काळी थांबत असे. अठराव्या शतकात ऑस्टेंड कंपनीचे व्यापारी इथे येऊन बसले होते. पुढे कर्नाटकच्या नवाबाने इथे 'सादत बंदर' नावाचा किल्ला बांधला. तो फ्रेंचांनी बळकावला आणि १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने जिंकून पाडून टाकला. त्या अवशेषांच्या जागी १९७४ पासून ताजचे हॉटेल उभे आहे. बंदर गेले ते कायमचेच. पण गंमत अशी की आज याच गावाभोवती एक वर्तुळ काढले, तर भारताच्या मोटारसायकल जगाचा मोठा तुकडा त्यात सापडतो. केळंबाक्कम, वंडलूर करत पश्चिमेला गेले की ओरगडम आणि वल्लम वडगल, म्हणजे रॉयल एनफील्डचे कारखाने. त्यापुढे इरुंगाट्टुकोट्टईची ३.७ किलोमीटरची शर्यतीची धावपट्टी, जी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० मध्ये सुरू केली. देशातल्या मोटारस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय हिचे कार्यालय चेन्नईत. टीव्हीएस कंपनीचे मुख्यालय चेन्नईत, कारखाना होसूरला. आणि माल चढवायला हाताशी तीन बंदरे.

एवढे सगळे एका ठिकाणी असताना इथल्या एखाद्या शर्यतपटूने आपली स्वतःची गाडी परदेशी न्यायची, तिथे शर्यत करायची आणि गाडी परत आणायची म्हटले, तर ते इतके अवघड का? आणि भारतीय नावाच्या ज्या गाड्या जगातल्या वेगाच्या स्पर्धांत उतरल्या, त्या खरोखर इथून समुद्रापार गेल्या होत्या का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाटते त्यापेक्षा साधे आहे. भारतातून दर वर्षी लाखो मोटारसायकली निर्यात होतात. चाकणमध्ये बजाजने बनवलेली केटीएम न्हावा शेव्यातून निघते, होसूरची अपाची चेन्नईतून. या सगळ्या प्रवासाला एकच दिशा असते. गाडी जाते, पैसे येतात, हिशेब संपतो. निर्यातीची सारी यंत्रणा या एका दिशेसाठी घडलेली आहे आणि ती उत्तम चालते. शर्यतीची गाडी दोन कारणांनी या यंत्रणेत अडकते. एक तर ती परत यायची असते. आणि दुसरे म्हणजे, जाताना जशी होती तशी ती परत येत नाही.

ही दुसरी गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण खरा गुंता तिथेच आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २० नुसार, देशाबाहेर गेलेला माल परत आला तर तो आयात मालच समजला जातो आणि त्यावर शुल्क लागते. त्यातून सुटका करणारी तरतूद आहे. ३० जून २०१७ च्या ४५/२०१७ क्रमांकाच्या अधिसूचनेप्रमाणे, माल सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत परत आला आणि तो तोच आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर सवलत मिळते. मोटारसायकल 'तीच' आहे हे कशावरून ठरवायचे? फ्रेम नंबर आणि इंजिन नंबरवरून. आता शर्यतीत इंजिन फुटते. फुटले की रात्रीतून दुसरे बसवले जाते. रॅलीत फ्रेमला तडा जातो. म्हणजे ज्या गाडीने मैदानात जीव तोडून शर्यत केली, तिचीच ओळख परतीच्या वाटेवर संशयात सापडते. जाणकार संघ म्हणूनच सुटे इंजिन, सुटी चाके, इंधनाची टाकी, अगदी टायर गरम करण्याची ब्लँकेटसुद्धा निघतानाच यादीत वेगवेगळ्या ओळींत, क्रमांकासह लिहून काढतात. ही यादी करणारा माणूस संघात नसेल, तर मेकॅनिकइतकीच त्याची उणीव भासते.

यादीचा मान मोठा आहे, कारण परदेशातला सगळा डोलारा तिच्यावर उभा राहतो. तात्पुरत्या आयातीसाठी जगात दोन प्रकारचे कार्नेट चालतात. पहिले एटीए कार्नेट, ज्याला 'मालाचा पासपोर्ट' म्हणायची पद्धत आहे. भारतात ते फिक्की ही उद्योगसंस्था देते. हिरव्या मुखपृष्ठाच्या या पुस्तिकेत पिवळी पाने आपल्या देशातून निघण्याची आणि परतण्याची, पांढरी पाने परक्या देशात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची, निळी पाने वाटेतल्या देशांची. प्रत्येक सीमेवर शिक्का पडतो. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. गाडी ठरल्या वेळेत त्या देशाबाहेर पडली नाही, तर तिथले शुल्क भरण्याची हमी कार्नेट देणाऱ्या संस्थेने घेतलेली असते. म्हणून ती संस्था अर्जदाराकडून आधीच अनामत किंवा बँक गॅरंटी मागते. आणखी एक मेख आहे: एटीए कार्नेटमध्ये वापरून संपणारा माल बसत नाही. तेल, इंधन, ब्रेक पॅड, टायर. शर्यतीत टायर हाच सर्वांत मोठा खर्च. पण कागदाच्या लेखी तो गाडीच्या सामानात नाही, तो तिथेच विकत घ्यावा किंवा वेगळा आयात करावा.

दुसरे सीपीडी कार्नेट, म्हणजे रस्त्याने देशोदेशी फिरणाऱ्या वाहनांचे. जगभ्रमंतीला निघणाऱ्या दुचाकीस्वारांना ते ठाऊक असते, कारण मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थेकडून ते घ्यावे लागते. त्याचा पाया वाहनाची नोंदणी हा आहे. शर्यतीसाठी घडवलेल्या गाडीला नंबरप्लेट नसते, दिवे नसतात, आरटीओने तिला कधी पाहिलेले नसते. त्यामुळे तिला वाहन म्हणून नव्हे, तर माल म्हणूनच प्रवास करावा लागतो. रस्त्यावरची गाडी सोलून शर्यतीची केली असेल, तर आणखी वेगळी पंचाईत: नोंदणीपत्रावरचे वर्णन एक आणि क्रेटमधली वस्तू दुसरीच.

कागद झाले की सुताराचे काम सुरू होते. मोटारसायकल उघडी जात नाही, ती लाकडी किंवा लोखंडी क्रेटमध्ये जाते. लाकूड असेल तर ते आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का मारलेले हवे. नाही तर लाकडातल्या किड्यांच्या भीतीने तिकडचे अधिकारी क्रेट अडवतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणार असेल, तर चाकांच्या खाचांतला मातीचा कणही काढावा लागतो. पेट्रोलची टाकी रिकामी करायची, बॅटरी सोडवायची, पट्ट्यांनी फोर्क दाबून गाडी जखडायची. विमानाने पाठवायची तर ती 'धोकादायक माल' ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या क्रमवारीत पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनाला ३१६६ हा क्रमांक आहे आणि तसे घोषणापत्र जोडावे लागते. वजन वाचवायला शर्यतीच्या गाड्यांत छोटी लिथियम बॅटरी बसवतात. ती गाडीपासून सुटी पाठवली तर तिचे नियम आणखी कडक: ती फक्त मालवाहू विमानातून जाते आणि ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नसावी लागते.

शिवाय विमानाचे भाडे केवळ वजनावर नव्हे, जागेवरही लागते. सहा हजार घनसेंटिमीटरला एक किलो, असा तो हिशेब. दोन मीटर लांब, ऐंशी सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर दहा सेंटिमीटर उंच क्रेटचे भाडे २९३ किलोचे बसते, मग आतली गाडी दीडशे किलोची का असेना. म्हणून पुढचे चाक, हँडल, काच काढून क्रेट जितके बुटके करता येईल तितके करतात. शर्यतपटू एक-एक ग्रॅम कमी करायला टायटॅनियमचे बोल्ट बसवतात आणि मग हवेचे भाडे भरतात, हा विरोधाभास या धंद्यातल्या माणसांना नवा नाही.

जहाज स्वस्त पडते, पण ते आपल्या सवडीने जाते. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक बंद पडली. पुढे जहाजमालकाने 'जनरल ॲव्हरेज' जाहीर केले. जहाज वाचवायला आलेला खर्च त्यावरच्या सगळ्या मालाच्या मालकांनी वाटून घ्यायचा, असा हा सागरी व्यापारातला फार जुना नियम. ज्यांनी विमा उतरवला नव्हता, त्यांना माल सोडवण्यासाठी आधी रक्कम भरणे भाग होते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हौथींचे हल्ले सुरू झाल्यावर युरोपकडे जाणारी बहुतेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. कपड्यांच्या व्यापाऱ्याला हा उशीर महाग पडतो. शर्यतवाल्याला मात्र तो संपवतो, कारण शर्यतीची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.

आणि कधी कधी गाडी वेळेवर पोचते, शर्यतच होत नाही. वेगाच्या स्पर्धांचे तीर्थक्षेत्र म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातले बॉनेव्हिलचे मिठाचे मैदान. दर ऑगस्टमध्ये तिथे 'स्पीड वीक' भरतो. पण मीठ ओले असेल तर काही चालत नाही. २०१४, २०१५ आणि पुन्हा २०२२ मध्ये पाणी साचल्याने किंवा मिठाची अवस्था वाईट असल्याने स्पीड वीक रद्द झाला. दूरदेशीच्या स्पर्धकाला तेव्हा क्रेट न उघडताच माघारी पाठवावे लागते, भाडे मात्र दुहेरी. इटलीचा माजी विश्वविजेता मॅक्स बियाजी व्होक्सान ही विजेवरची मोटारसायकल घेऊन बोलिव्हियातल्या सालार दे उयुनी या मिठाच्या वाळवंटात विक्रम करणार होता. कोविडच्या साथीमुळे ते बारगळले. संघाने आधी फ्रान्समधला एक विमानतळ गाठला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या अवकाश केंद्राच्या धावपट्टीवर ताशी ४५५.७३७ किलोमीटरचा वेग नोंदवला. जागा बदलणे परवडणारे संघ थोडे.

बॉनेव्हिलची गोष्ट निघाली की बर्ट मन्रोचे नाव येतेच, आणि ते टाळण्यात अर्थ नाही, कारण या विषयातला तो सर्वांत शुद्ध नमुना आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या इनव्हरकार्गिल गावात राहणाऱ्या या गृहस्थाकडे 'इंडियन' या अमेरिकी कंपनीची १९२० सालची स्काउट मोटारसायकल होती. कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा वेग ताशी ५५ मैलांच्या आसपास. मन्रोने पुढची चाळीसेक वर्षे ती आपल्या शेडमध्ये बदलली, पिस्टनसुद्धा घरी ओतून काढले. मग ती पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला नेली आणि १९६२ मध्ये पहिला विक्रम केला. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने केलेला विक्रम ताशी १८४.०८७ मैलांचा, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटरचा. आकडेमोडीतली जुनी चूक सापडल्याने हा अधिकृत आकडा २०१४ मध्ये किंचित वाढवून देण्यात आला, तेव्हा मन्रोला जाऊन ३६ वर्षे झाली होती. अँथनी हॉपकिन्सच्या २००५ सालच्या सिनेमाने तो जगभर पोचला. सिनेमात भर माणसाच्या जिद्दीवर आहे, ते योग्यच. पण इथे महत्त्वाचे हे की ती गाडी दुसरा कुणी चालवू शकला नसता, दुसरीकडे कुठे बनू शकली नसती आणि तिची जागा घेईल अशी गाडी अमेरिकेत भाड्याने मिळणे शक्य नव्हते. समुद्रावरून गाडी नेण्याला इतके सबळ कारण फार थोड्या शर्यतपटूंकडे असते.

याच मैदानात ऑगस्ट २०१८ मध्ये रॉयल एनफील्डचे नाव गाजले. केला रिव्हास या १८ वर्षांच्या अमेरिकी मुलीने कॉन्टिनेंटल जीटी ६५० वर आधारलेल्या गाडीने ताशी १५७.०५३ मैलांचा, सुमारे २५३ किलोमीटरचा वर्गविक्रम केला. हे मॉडेल भारतीय ग्राहकांसाठी बाजारात यायला तेव्हा आणखी तीन महिने होते. चेन्नईच्या गाडीने युटा जिंकले, असे वाचायला छान वाटते आणि ते खोटे नाही. पण त्या गाडीचे इंजिन अमेरिकेतल्या एस अँड एस या कंपनीने वाढवले होते आणि सांगाड्याचे काम ब्रिटनच्या हॅरिस परफॉर्मन्सचे होते, जी रॉयल एनफील्डने २०१५ मध्ये विकत घेतली. पुढे अमेरिकन फ्लॅट ट्रॅकच्या गोल मातीच्या मैदानांत रॉयल एनफील्डची जोड-सिलिंडर गाडी धावली, तीही अमेरिकेतल्याच जॉनी लुइसच्या वर्कशॉपमधून. थोडक्यात, चेन्नईहून जे गेले ते इंजिन आणि नाव. शर्यतीची गाडी म्हणून तिचा जन्म तिकडचा.

इतर भारतीय कंपन्यांची वाट पाहिली तर हाच नियम दिसतो. मुंबईच्या महिंद्राने २०११ मध्ये १२५ सीसी वर्गात पाऊल टाकले आणि जागतिक ग्रां प्री मालिकेत उतरणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. संघाचा तळ इटलीत होता, नंतरची मोटो-३ गाडी स्वित्झर्लंडच्या सूटर कंपनीबरोबर घडवलेली. २०१३ मध्ये सेपांगला मिगेल ओलिव्हेराने पहिले पोडियम-स्थान मिळवले आणि २६ जून २०१६ रोजी ॲसेनला फ्रान्चेस्को बान्याया याने महिंद्राला पहिला विजय दिला. हाच बान्याया पुढे दोनदा मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. त्याचा त्या वेळचा संघसोबती होर्हे मार्टिन २०२४ चा विश्वविजेता. इतक्या चांगल्या स्वारांना घडवलेली भारतीय नावाची गाडी २०१७ नंतर मालिकेतून बाहेर पडली. ती कधी भारताच्या मातीवर शर्यतीला उतरली नाही, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटणार नाही.

हिरोने २०१६ मध्ये जर्मनीच्या स्पीडब्रेनशी हात मिळवला, २०१७ ला डाकार रॅलीत पदार्पण केले आणि पहिल्याच वर्षी जोआकिम रॉड्रिग्जने दहावा क्रमांक काढला. २०२२ मध्ये त्यानेच हिरोला पहिला टप्पाविजय मिळवून दिला. २०२४ मध्ये बोट्सवानाचा रॉस ब्रांच हिरोच्या गाडीवर एकूण दुसरा आला. त्याच वर्षी शेर्को-टीव्हीएस या फ्रान्समध्ये तळ असलेल्या संघाच्या हरित नोआने रॅली-२ वर्ग जिंकला आणि एकूण अकरावा क्रमांक मिळवला. डाकारमध्ये भारतीय स्वारासाठी हे यश आजवरचे सर्वांत मोठे. केरळचा स्वार, चेन्नईच्या कंपनीचे नाव, गाडी युरोपातली, वाळू अरबस्तानातली.

याला ढोंग म्हणणे अन्याय होईल. डाकारच्या आयोजकांचा स्वतःचाच हिशेब युरोपकेंद्री आहे. रॅली दक्षिण अमेरिकेत होती तेव्हा स्पर्धकांच्या गाड्या फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातून निघत. सौदी अरेबियात २०२० ला आली तेव्हा मार्सेयहून. प्रवेशशुल्कात युरोपच्या बंदरातून जाण्या-येण्याचे जहाजभाडे धरलेले असते. म्हणजे मुंबईहून किंवा चेन्नईहून थेट जेद्दाला गाडी पाठवायची तर तो खर्च वेगळा, कागद वेगळे आणि आयोजकांचे जहाज मोकळेच गेलेले. नकाशावर जेद्दा भारताला जवळ आहे, कागदावर मार्सेयला. अशा वेळी गाडी आधीच युरोपात असणे हाच शहाणपणा.

एकट्या स्वारांनीही तोच मार्ग पत्करला. २०१५ मध्ये डाकारला गेलेला पहिला भारतीय सी. एस. संतोष केटीएमवर होता आणि ३६ वा आला. २०२१ ला आशिष राओराणे खासगी स्पर्धक म्हणून केटीएम ४५० रॅली घेऊन उतरले. हे मर्चंट नेव्हीतले अधिकारी, म्हणजे समुद्रावरून माल नेणे हा ज्यांच्या रोजच्या नोकरीचा भाग, आणि त्यांनाही मिळालेला व्यवहार्य मार्ग युरोपात तयार होणाऱ्या रॅली-गाडीचाच. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये 'बाहा' रॅलींच्या जागतिक चषकात महिलांचे विजेतेपद मिळवले. दुबई, पोर्तुगाल, स्पेन, हंगेरी अशा फेऱ्या, आणि बहुतेक ठिकाणी गाडी तिथे ठरवलेली. विमानात तिच्याबरोबर जे जाई ते हेल्मेट, बूट आणि गळ्याचे संरक्षक कवच.

भाड्याच्या गाडीची किंमत मात्र स्वाराला मैदानात मोजावी लागते. सस्पेन्शन दुसऱ्याच्या वजनाला जुळवलेले, क्लच दुसऱ्याच्या बोटांना. सराव ज्या गाडीवर केला ती घरी उभी. चेन्नईचा सरत कुमार २०११ मध्ये १२५ सीसी ग्रां प्रीमध्ये उतरला तेव्हा घरच्या मैदानावरची गाडी आणि तिथली गाडी यांत दोन वेगवेगळ्या जगांचे अंतर होते. इरुंगाट्टुकोट्टईला १५० ते ३०० सीसीच्या, रस्त्यावरून उचललेल्या गाड्या धावतात. युरोपातला पंधरा वर्षांचा मुलगा शर्यतीसाठीच जन्मलेल्या गाडीवर वाढलेला असतो. भारतीय स्वारांची मागे पडण्याची कारणे शोधताना प्रशिक्षण आणि पैसा यांचीच चर्चा होते. स्वतःची गाडी सोबत न नेता येणे हे तिसरे कारण फारसे कुणी मांडत नाही, आणि ते मांडायला हवे.

चाकणची गोष्ट जरा निराळी आहे. केटीएमची आरसी ३९० बजाजच्या चाकण कारखान्यात तयार होते. २०१४ मध्ये जर्मनीच्या एडीएसी ज्युनियर कपमध्ये आणि पुढच्या वर्षापासून अमेरिकेच्या मोटोअमेरिका मालिकेतल्या आरसी कपमध्ये ती धावली. तिथल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी शर्यतीचे पहिले धडे पुण्याजवळ जुळलेल्या इंजिनावर गिरवले. गाडी नारिंगी, नाव ऑस्ट्रियाचे, म्हणून इकडे त्याचा गाजावाजा झाला नाही. ती गेली मात्र साध्या निर्यातीच्या मालासारखी, एकेरी.

या सगळ्यात खरा अपवाद टीव्हीएसचा. आशिया रोड रेसिंग चॅम्पियनशिप ही १९९६ पासून चालणारी मालिका सेपांग, बुरिराम, जपान अशा मैदानांवर फिरते. २०२२ पासून तिच्यात 'टीव्हीएस एशिया वन मेक चॅम्पियनशिप' आहे. सगळ्या स्वारांना एकसारखी, शर्यतीसाठी तयार केलेली अपाची आरआर ३१० मिळते. भारतीय कंपनीने आशियाई पातळीवर चालवलेली अशी ही पहिली मालिका. थाई, जपानी, इंडोनेशियन, मलेशियन स्वार होसूरच्या गाडीवर एकमेकांशी झुंजतात. एकट्या माणसाला जे क्रेट, कार्नेट आणि बॅटरीच्या नियमांपुढे जमत नाही, ते इथे ताफ्याने जमते. कारण एका गाडीला आणि वीस गाड्यांना लागणारी कागदाची मेहनत जवळपास सारखीच असते. शिवाय प्रत्येक फेरीनंतर गाडी घरी आणावी लागत नाही, ती मालिकेच्या सामानाबरोबर पुढच्या देशात जाते. भारतीय शर्यतीची गाडी परदेशी नेण्याचा आजवरचा सर्वांत समंजस मार्ग हाच आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्याचा दोष इतकाच की त्यातून स्वाराची स्वतःची गाडी जात नाही.

उलट दिशेची वाहतूकही पाहायला हवी, कारण बाहेरचे इकडे येताना जे भोगतात त्यावरून आपल्या दाराची रुंदी कळते. वर्ल्ड सुपरबाइकची भारतातली फेरी मार्च २०१३ ला ठरली, पुढे ढकलली गेली आणि शेवटी रद्द झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली. विमाने भरून गाड्या आल्या, पण संघांच्या अनेक माणसांचे व्हिसा अगदी शेवटपर्यंत लटकलेले होते. मार्को बेझेकीने शर्यत जिंकली, प्रेक्षक खूश झाले आणि २०२४ ची फेरी झालीच नाही. आशियाई मालिका मात्र २०१७ आणि २०१८ मध्ये इरुंगाट्टुकोट्टईला येऊन गेली. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत स्टेडियममध्ये माती ओतून सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हाही परदेशी स्वार आले आणि त्यांच्याजोग्या गाड्या बाहेरून आणाव्या लागल्या.

कायमची आयात करायची तर आकडे बदलत आले आहेत. तयार मोटारसायकलवरचे सीमाशुल्क फेब्रुवारी २०१८ मध्ये ५० टक्क्यांवर आणले गेले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते १६०० सीसीपर्यंत ४० आणि त्यावर ३० टक्के झाले. हार्ली-डेव्हिडसनवरून अमेरिकेने धरलेला आग्रह त्यामागे होता, हे उघड गुपित. शर्यतपटूंचा विचार त्यात नव्हता. क्रीडा साहित्याला सवलत देणारी १९९४ सालची १४६ क्रमांकाची अधिसूचना आहे. तिचा रस्ता राष्ट्रीय क्रीडा महासंघाच्या किंवा नामवंत खेळाडूच्या दारातून जातो. विशीतल्या, अजून नाव न झालेल्या मुलाला तो दरवाजा लांबचा. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'च्या ड्रॅग शर्यतीत ज्या सुझुकी हायाबुसा आणि कावासाकी पाव मैल मारतात, त्यांतल्या तयार आयात झालेल्या गाड्यांच्या मालकांनी हे सगळे शुल्क भरलेले असते. अशी एखादी गाडी बॉनेव्हिलला न्यायची, तर तिला पुन्हा उलट्या दिशेने हेच सोपस्कार. बॉनेव्हिलला पात्रता-वेग काढल्यावर गाडी रात्रभर आयोजकांच्या ताब्यात राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावून सरासरी काढतात. दोन धावांसाठी दोन महासागर.

खर्चाचा मेळ बसवण्याचा एक मार्ग परदेशी शर्यतपटू सर्रास वापरतात. हंगाम संपला की गाडी तिथेच विकून टाकायची आणि परतीचे भाडे वाचवायचे. डाकारचे खासगी स्पर्धक आपल्या रॅली-गाड्या पुढच्या वर्षीच्या होतकरूंना असेच विकतात. भारतातून कार्नेटवर नेलेल्या गाडीला ही मुभा नाही. विकली, मोडीत काढली किंवा चोरीला गेली, तरी त्या देशाचे शुल्क लागते आणि बँक गॅरंटीला हात घातला जातो. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवावे लागते: गाडी साधी निर्यात म्हणून पाठवायची की परत आणायच्या बोलीवर. साधी निर्यात केली तर तिकडे आयात शुल्क भरावे लागते, पण हात मोकळे राहतात. कार्नेट घेतले तर शुल्क वाचते आणि वर्षाच्या आत, त्याच फ्रेम नंबरची, त्याच इंजिन नंबरची गाडी, वाकलेली असो की जळालेली, चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे उभी करून पिवळ्या पानावर शेवटचा शिक्का घ्यावा लागतो.